बिनदातांची पक्कड

कानातली करायच्या सामानाच्या काकूंच्या यादीत सहा वस्तू होत्या. वायरमनकाकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, यादी दोनदा वाचली आणि त्यातल्या चार वस्तू घरातच आहेत असं जाहीर करून त्यांवर काट मारली. दोन पकडी, एक कटर, एक कानस. उरली तार आणि उरल्या कड्या-हूक. तारेपुढेही त्यांनी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं, कारण माळ्यावर तारेची वेटोळी पडून होती आणि कुठलं किती जाडीचं हे त्यांना न बघता सांगता येत होतं.

"पक्कड काय विकत घ्यायची वस्तू आहे?" ते म्हणाले. "या घरात चमचे कमी पडतील, पकडी नाहीत."

हे खरं होतं. चमचे सहा होते, पकडी अकरा.

काका निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातले सगळे स्विच बदलले. दुसऱ्या महिन्यात बदललेले स्विच तपासले. तिसऱ्या महिन्यात ते स्वयंपाकघरात शिरले आणि अजून बाहेर आले नव्हते. डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या, कपाटाच्या दारांना चुंबक लागले, आणि बरण्यांची झाकणं इतकी घट्ट बसू लागली की साखर हवी असली तर काकूंना नवऱ्याला हाक मारावी लागे. चाळीस वर्षं ज्या माणसानं ढिला जॉइंट म्हणजे आग असं मानलं, त्याला झाकण अलगद लावता येत नाही. हळूहळू अशी वेळ आली की घरात काकूंची म्हणावी अशी एकही जागा राहिली नाही.

म्हणून त्या वाचनालयाच्या हॉलमध्ये तीन तासांच्या दागिन्यांच्या वर्गाला जाऊन बसल्या. तिथं शिकवणारणीच्या हत्यारांनी त्यांनी एक जोड कानातली केली. तीच घालून त्या केस कापायला गेल्या, तर पार्लरवालीनं कात्री थांबवून विचारलं, "कुठून घेतलीत?" काकूंनी सांगितलं. पार्लरवालीनं काउंटरवर नुकताच काचेचा चार मजली स्टँड आणून ठेवला होता आणि तो रिकामा होता.

"शुक्रवारी सकाळी दहाला दहा जोड आणा," ती म्हणाली. "आवडले तर स्टँड तुमचा. नाहीतर पर्सवाली कधीची मागे लागलीय."

काकूंना हा स्टँड हवा होता. किती हवा होता हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. काकांना सांगितलं असतं, तर त्यांनी तो स्टँड उचलून घरी दुरुस्तीला आणला असता.

काट मारलेली यादी प्रमाण मानून काकूंनी आधी घरच्या पकडीनं करून बघितलं. ही पक्कड जाड, काळी, रबराच्या मुठीची. खांबावरच्या वाऱ्यातही सुटू नये म्हणून तिच्या जबड्यात दात होते. काकूंनी मऊ पितळी तार तिच्यात धरली, वळवली आणि बाहेर काढली, तर तारेवर उंदरानं कुरतडल्यासारख्या खुणा. काकांनी जबड्याला चिकटपट्टी गुंडाळून दिली. खुणा गेल्या, पण तार चिकट झाली आणि तिला टॉवेलाचे धागे बसले.

"तार हलकी आहे," काका म्हणाले.

"पक्कड जड आहे," काकू म्हणाल्या.

शनिवारी दोघं मण्यांच्या दुकानात गेली. काकू एकट्याच निघाल्या होत्या, पण हत्यार घ्यायचं म्हणजे कळणारं कुणीतरी बरोबर हवं, असं म्हणत काकांनी आपल्या चपलाही पायात सरकवल्या.

दुकान लाँड्रीच्या वर होतं. जिना अरुंद, दारावर 'गुरुवारी बंद' अशी पाटी. आत तीन भिंतींना छतापर्यंत लहान लहान खण होते आणि आत काय आहे हे कळावं म्हणून प्रत्येक खणाच्या मुठीला एक मणी बांधलेला होता. चष्म्याला साखळी लावलेली एक बाई स्टुलावर बसून कड्या मोजत होती. मोजणं पुरं होईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

"पक्कड दाखवा," काका म्हणाले. "मजबूत."

"करणार कोण आहे?"

"मी," काकू म्हणाल्या.

"ही," काका त्याच दमात म्हणाले. "पण हत्यारातलं मला कळतं."

"मग ताई, हात द्या इकडे." बाईनं काकूंच्या तळहातावर गोल टोकाची एक पक्कड ठेवली. "मिटा मूठ. बोटं पोचतात का टोकाला? नाही. मोठी झाली. ही बघा. आता दहा वेळा उघडमीट करा. अंगठा दुखतोय का?"

"नाही."

"ही तुमची."

काकांनी ती काकूंच्या हातून घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. "याला दात नाहीत."

"नाहीत."

"मग पकडणार कशी?"

"काका, तारेला नुसतं धरायचंय. चावायचं नाहीये."

काकांनी मुठीतली स्प्रिंग दाबून बघितली. "ही एक दिवस तुटणार."

"तुटली की घेऊन या, बदलून देते. तोवर ताईंचा अंगठा तरी वाचेल." बाईनं पुढच्या खणातून दोन चपट्या पकडी काढल्या, त्याही गुळगुळीत. "या दोन लागतात. कडी उघडायची तर दोन्ही हातांत एकेक. दार ढकलतो तशी उघडायची. एक टोक पुढे, एक मागे. तोंड वासल्यासारखी फाकवलीत तर तिचा गोल गेला, तो परत येत नाही."

काकूंनी एक कडी उघडून बघितली, बंद करून बघितली. फट दिसेना. त्यांनी दुसरी उघडली. तेवढ्या वेळात काका दुकानाच्या टोकाला असलेल्या काचेच्या कपाटापाशी पोचले होते, आणि तिथं चेन असलेली एक निळी पेटी होती.

बाईनं आवाज जरा खाली आणला. "ताई, हुकाखालची कडी ही बारीकच घ्या. जाड मागायला येतात लोक, मी देत नाही. केस अडकतात, टॉवेल अडकतो, कडेवरचं पोर ओढतं. ओढ बसली की कडीनं उघडायला हवं. ती उघडली नाही तर कान फाटतो. कडी काय, शंभर कड्यांचं पाकीट मिळतं."

"आणि हूक?"

"खाज न येणारे. बारा जोड घेऊन ठेवा, दोन तुम्ही पहिल्याच दिवशी वाकडे कराल."

इतक्यात काका निळी पेटी छातीशी धरून आले. ज्या माणसाला सहातल्या चार वस्तू जास्त वाटल्या होत्या, त्याच्या डोळ्यांत आता बहात्तर वस्तूंची चमक होती.

"हे घे. सगळं एकात. बहात्तर नग."

बाईनं पेटीची चेन उघडली आणि एकेक नग काउंटरवर मांडला. "हे सात चिमटे. सातही एकाच मापाचे. हे मोत्याला भोक पाडायचं. ताई, तुम्ही मोत्याला भोक पाडणार?"

"नाही हो."

"ही अंगठीची मापं. अंगठ्या करणार? नाही. या सुया, हे काय आहे ते मलाही माहीत नाही. कामाचे यात पाच, आणि ते पाचही महिन्याभरात डुगडुगायला लागतात." तिनं बहात्तरही नग परत जागच्या जागी बसवले. हे करायला तिला चांगलाच वेळ लागला, आणि एवढा वेळ काका तिच्याकडे नव्हे, पेटीकडे बघत होते.

तारेपाशी मात्र त्यांचे दिवस पालटले. बाईनं दोन वेटोळी पुढे केली तशी काकांनी डोळे मिटून एकेक चिमटीत फिरवलं. "ही वीस गेज. ही चोवीस." बाईनं भोकांची चकती आणून मोजलं. वीस आणि चोवीस.

"बोटांनी?" ती म्हणाली. पहिल्यांदाच तिनं चष्मा काढून त्यांच्याकडे नीट बघितलं.

"चाळीस वर्षं," काका म्हणाले, आणि जिना उतरताना पिशवी त्यांनीच धरली. कानस घरचीच चालली. तारेचं कापलेलं टोक घासायला त्यांची बारीक कानस उत्तम निघाली, आणि ही गोष्ट त्यांनी त्या दिवशी तीनदा बोलून दाखवली.

शनिवारी संध्याकाळी काकूंनी तारेची एकोणीस वेटोळी वळली. त्यांतली दोन गोल होती. रविवारी त्यांच्या लक्षात आलं की गोल टोकाची पक्कड टोकाला बारीक आणि मुळाशी जाड असते, त्यामुळे दर वेळी तार वेगळ्या जागी धरली की वेटोळं वेगळ्या मापाचं होतं. त्यांनी पकडीवर पेनानं रेघ मारली. काका ओरडले, हत्यारावर कुणी लिहितं का? पण त्या रेघेवर वळलेली पुढची आठ वेटोळी एकमेकींच्या जुळ्या बहिणी निघाली, तेव्हा ते स्वतःच्या एका पकडीकडे विचार करत बघू लागले.

बुधवारी दुपारी दहा जोड तयार होते. हिरव्या काचेचे चार, तपकिरी चार, दोन पांढऱ्या थेंबांचे. प्रत्येक कानातल्यात दोन कड्या, एक हुकाखाली, एक मण्याच्या वर. काकूंनी खिडकीच्या दोरीवर ते ओळीनं लटकवले आणि संध्याकाळपर्यंत सात-आठ वेळा काही कारण काढून खिडकीपाशी जाऊन आल्या.

गुरुवारी दुपारी त्यांची दातांच्या डॉक्टरांकडे दुसरी खेप होती. चार वाजता त्या परतल्या तेव्हा इंजेक्शननं डावा गाल दगडासारखा झाला होता. जिन्यातच राळेचा वास आला. हा वास त्या चौतीस वर्षं ओळखत होत्या. घरात कुठेतरी सोल्डर मारलं जात होतं.

काका टेबलाशी बसले होते. समोर वर्तमानपत्रावर दहाच्या दहा जोड, शेजारी तापलेली इस्त्री. म्हणजे सोल्डरची, कपड्यांची असती तर काय हवं होतं. चेहऱ्यावर समाधान.

"ये, बस. तुला सांगत नव्हतो, पण मी सकाळी एक ओढून बघितलं. सुटलं! हातात आलं! म्हटलं, हे असं लोकांच्या गळ्यात मारणार आपण?" त्यांनी एक हिरवं कानातलं काकूंपुढे धरलं. "आता ओढ. सगळ्या कड्या पक्क्या केल्यात. चाळीसच्या चाळीस. ओढ ना, लाव जोर. माणूस लटकला तरी सुटणार नाही."

काकूंनी ओढलं. सुटलं नाही. प्रत्येक कडीवर करड्या रंगाचा एक चकचकीत ठिपका बसला होता, नेटका, एकाच मापाचा. काम उत्तम होतं. म्हणूनच त्यांना ओरडताही येईना. शिवाय अर्धं तोंड बधिर.

"कान," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ओढ बसली. हे सुटलं नाही. मग कान फाटेल." एवढं बोलतानाच ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली, ती त्यांनी रुमालानं टिपली.

"कान कशाला फाटेल? आणि सुटून रस्त्यात पडलं तर? घेणारी बाई म्हणणार, वायरमनच्या बायकोनं ढिलं काम दिलं. माझा एक जॉइंट सुटला नाहीये आजवर. विचार कुणालाही."

इतर दिवशी काकू यावर वीस वाक्यं बोलल्या असत्या आणि काकांनी त्यांतल्या एकोणिसांना उत्तर दिलं असतं. आज तेवढी वाक्यं तोंडात मावत नव्हती. त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. रुमाल ओठाला लावून त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "तुम्ही फ्यूज का बसवता?"

हा प्रश्न काकांना नवीन मुलांनी चाळीस वर्षं विचारला होता. उत्तर आपोआप सुरू झालं. "लोड वाढला की आधी तो जळावा म्हणून. तो मुद्दाम कच्चा ठेवायचा. नाहीतर पुढची सगळी वायरिंग—"

ते थांबले.

त्यांनी हातातल्या कानातल्याकडे बघितलं. मग हात लांब करून सोल्डरच्या इस्त्रीचं बटण बंद केलं. काकूंना वाटलं, आता ते म्हणतील की फ्यूजची गोष्ट वेगळी. ते म्हणाले नाहीत.

"मी कापून देऊ?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नको. मी कापते. तुम्ही हूक बघा. कुठल्या हुकात सोल्डर गेलंय."

काकांनी भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक हूक तपासला. काकू कटरनं कड्या तोडत राहिल्या. पाकिटात साठ कड्या शिल्लक होत्या, त्यांची चिंता नव्हती. पाऊण तासानं काकांनी भिंग खाली ठेवलं.

"पाच जोड ठीक आहेत. पाचांच्या हुकात गेलंय, ते आता साफ होणार नाही." स्वतःच्या हातचा बिघाड त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मोजून सांगितला होता, आणि तोही एकानं कमी न करता.

जादा हूक दोन जोड होते. बाईनं पहिल्याच दिवशी वाकडे कराल म्हणून घ्यायला लावले होते. पाच आणि दोन, सात. काका चपला घालून बाहेर गेले. ते कुठे गेले हे काकूंना माहीत होतं, आणि त्या दारावर कुठली पाटी आहे हेही. ते घाम पुसत परत आले.

"बंद आहे."

"गुरुवार."

"माझ्याकडे तांब्याची तार आहे. तिचे हूक वळू? तासाभरात—"

"कानाला खाज येईल. सातच नेते."

दिवे लागायच्या वेळेपर्यंत सात जोड पुन्हा दोरीवर लटकले. काका म्हणाले, "उद्या मी येतो बरोबर. सांगतो तिला, चूक माझी."

"तुम्ही येऊ नका," काकू म्हणाल्या. गाल आता सैल झाला होता, त्यामुळे वाक्य अगदी स्पष्ट ऐकू आलं.

शुक्रवारी दहाला पार्लरमध्ये दोन खुर्च्या भरलेल्या होत्या. पार्लरवालीनं खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले, जोड काउंटरवर मांडून मोजले आणि पुन्हा मोजले.

"काकू, दहा म्हटलं होतं."

नवऱ्याची गोष्ट जिभेवर होती. ती सांगितली असती तर दोन्ही खुर्च्या पोट धरून हसल्या असत्या आणि पार्लरवालीही विरघळली असती. काकूंनी ती गिळली.

"तीन घरी आहेत. ओढल्यावर सुटत नाहीत, म्हणून आणले नाहीत."

"सुटत नाहीत म्हणून? लोक सुटतात म्हणून परत आणतात!"

काकूंनी काउंटरवरचा कंगवा घेतला, एका तपकिरी कानातल्याचा हूक डाव्या हातात धरला, मण्यात कंगव्याचा दात अडकवला आणि हिसका दिला. कडी उघडली. मणी काउंटरवर टणकन पडला आणि घरंगळत गेला. खुर्चीतल्या एका बाईनं "अगंबाई!" म्हटलं. काकूंनी पर्समधून दोन्ही चपट्या पकडी काढल्या, मणी कडीत घातला, कडी दारासारखी लोटली. झालं.

"हूक कानातच राहिला," त्या म्हणाल्या. "कान जागेवर राहिला. तुझ्याकडे तर दिवसभर कंगवे आणि टॉवेलच."

पार्लरवालीचा हात आपल्या डाव्या कानाकडे गेला. पाळीवर एक बारीक पांढरी रेघ होती. इतकी वर्षं केस कापून घेताना ती काकूंना आरशात कधी दिसली नव्हती.

"टॉवेलनंच," ती म्हणाली. "दोन टाके." मग तिनं स्टँडकडे, सात जोडांकडे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "वरचे दोन मजले तुमचे. खालचे पर्सवालीला. तीन जोड सोमवारी."

"म्हणजे आज दहा आणले असते तर चारही मिळाले असते?"

"नाही. पर्सवालीला मी परवाच हो म्हटलंय." तिच्या आवाजात संकोचाचा लवलेशही नव्हता. "तुमचे वाईट निघाले असते, तर चारही तिला दिले असते."

काकू घरी आल्या तेव्हा काका जिन्यातल्या दिव्याखाली स्टुलावर उभे होते. दिव्याला काहीही झालेलं नव्हतं.

"किती?"

"दोन मजले. वरचे."

ते भराभर खाली उतरले. "वरचे? छान! पण वर उजेड पोचत नाही गं, मी बघितलंय ते काउंटर. मागून पट्टीचा दिवा लावला की हिरवी काच अशी उठून दिसेल! किती इंच असेल तो? मी आत्ताच जाऊन मोजून येतो." खिशातून मोजपट्टी बाहेरही आली होती.

"आधी विचारायचं," काकू म्हणाल्या.

"हो, हो, विचारतो ना तिला."

"तिला नाही. मला."

काकांनी मोजपट्टी हातातच धरली. वरच्या मजल्यावरचं कुणीतरी जिना उतरत आलं, दोघांच्या मधून वाट काढून गेलं, फाटक वाजलं.

"दिवा बसवू का?" त्यांनी विचारलं. विचारायची सवय नसल्यानं प्रश्न थोडा मोठ्यानं आला.

हिरवी काच उजेडात कशी दिसेल याचा काकूंनी खरोखरच विचार केला, आणि तो करायला जिन्यात जितका वेळ लागायचा तितका लागू दिला.

"सोमवारी तीन जोड देऊन येते," त्या म्हणाल्या. "तिथं उभी राहून बघते, मग सांगते."